दुरुस्तीपुरती खोली

उंबरठ्यावर एक पाय ठेवायचा, दोन्ही हात चौकटीला टेकवायचे आणि म्हणायचं, "भाऊ, आधी लिखी द्या." धुळ्यातल्या आमच्या मालकीच्या चाळीतल्या या भाडेकरूबाईंना सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यापासून त्या ब्लाउज शिवून एकट्या राहत होत्या.

तुमच्याही ओळखीत असा एखादा भाडेकरू असेल. पाणी आलं नाही की तक्रार, नळ दुरुस्त केला की त्याच्या आवाजाची तक्रार. पण अक्कांच्या खोलीचा स्लॅब खरोखर वाईट झाला होता. गवंडीचाचांनी पहारीने ठोकून पाहिलं, तर पोपडा निघून गंजलेल्या सळ्या दिसल्या. "खाली करो बहन, ये कभी भी गिरेगा," ते म्हणाले. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

"शेजारना मास्तर दुरुस्तीसाठी गयात. ते परत उनात का?"

मी चाचांकडे पाहणं टाळलं. मास्तरांना महिनाभरासाठी म्हणून बाहेर काढलं होतं ते माझ्या वडिलांनीच. ती खोली नंतर दुसऱ्याला दिली.

दुरुस्तीनंतर खोली परत देईन, एवढं लिहून द्यायला मला काही कष्ट नव्हते. पण आपल्याच घरात आपण लिहून का द्यायचं, हा ताठा होता. तीन वेळा चाचा आले, तीन वेळा परत गेले. गल्लीत मी अक्कांना हट्टी म्हणत फिरलो.

मग एका दुपारी भाकरी थापत असताना त्यांच्या खांद्यावर ढलपा पडला. मी त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. टाके घालताना त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. परत येताना वाटेत म्हणाल्या, "तुम्ही नानासारखा नही शेतस, भाऊ." नाना म्हणजे माझे वडील.

दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन आमच्या ओसरीवर ठेवून त्या दोंडाईच्याला बहिणीकडे गेल्या. लिहून मागितलं नाही.

काम झालं. माझ्या थोरल्या भावाचं कापडाचं दुकान आहे. तो नवी खोली बघून म्हणाला, "आता बाई पुन्हा बसली तर जन्मभर उठायची नाही. मला गोदामाला दे." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. चार दिवसांत गठ्ठे आले.

अक्कांचा फोन यायचा. मी सांगायचो, "अजून प्लॅस्टर ओलं आहे." पुढे पुढे फोन उचलणंच सोडलं.

शेवटी त्या स्वतःच आल्या, हातात पिशवी घेऊन. दार उघडं होतं. गठ्ठे पार वरपर्यंत रचलेले. मी भावाचं नाव पुढे करायचं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी मान वर करून नव्या स्लॅबकडे पाहिलं.

"काम चांगलं व्हयनं," एवढंच म्हणाल्या.

मशीन रिक्षात चढवायला मी पुढे झालो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." दुखऱ्या खांद्याने, रिक्षावाल्याच्या मदतीने, त्यांनीच ते चढवलं.

अजूनही एखादी बाई ब्लाउजचं कापड घेऊन येते. "अक्का कुठे गेल्या?"

"दोंडाईच्याला, बहिणीकडे."

"कधी येणार?"

"काही सांगून गेल्या नाहीत," म्हणतो, आणि दार लावून घेतो.