बठ्ठं बराबर शे

दोंडाईच्याला स्टेशनाजवळ कापसाच्या जिनिंगचं बांधकाम चाललं होतं आणि मी तिथे ओव्हरसियर होतो. रोज सकाळी कडुनिंबाखाली मी तिघांना गोळा करायचो : गवंड्यांचे म्होरके आबा, सुतार आणि चुन्याची घाणी चालवणारा. "कुणाचं काही अडलंय का?" उत्तर ठरलेलं, सगळं ठीक असल्याचं. "बठ्ठं बराबर शे, भाऊ."

आणि एके दुपारी बघतो तर गवंडी भिंतीवर हातावर हात धरून बसलेले! चुना नाही, कारण घाणीचा बैल लंगडतोय. कधीपासून? तर आदल्या दिवसापासून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आबा, मग सकाळी गुळणी धरून का बसलात?"

आबा शांतपणे म्हणाले, "चार लोकस्मा त्यानं उणं कसं काढू, भाऊ? तो समोरच बठेल व्हता."

चारचौघांत त्याचं उणं काढायचं नाही म्हणे! अहो, त्यासाठीच तर त्याला समोर बसवला होता! मग मी फर्मान काढलं, ज्याने त्याने फक्त स्वतःचं अडलेलं सांगायचं. दुसऱ्या सकाळी घाणीवाल्याकडे डोळे वटारून पाहिलं. तो म्हणाला, "बठ्ठं बराबर शे." बैल त्याच्या मागेच तीन पायांवर उभा होता.

मी चरफडत निघालो. टोपी विसरली म्हणून परत फिरलो, तर कडुनिंबाखाली चिलीम फिरत होती. आबा स्वतःच्या गाडीचा बैल घाणीला देत होते, आणि आधी कुठली चौकट हवी ते सुतार त्यांना विचारत होता. मी इतके दिवस घसा फोडून मागत होतो ती बैठक हीच!

मला पाहताच तिघे अदबीने उठले. आबांनी चिलीम पाठीमागे लपवली.

"बठ्ठं बराबर शे, भाऊ."