बोगद्यातली गंभीर जखमी

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. आणि ह्यांना मी काय सांगितलं नाही म्हणता! माहेरची भांडणं, शेजारणींची गुपितं, सगळं जेवायच्या ताटावर. हे मात्र घशाशी आलं की गिळत आले. आता नातवंडं मागे लागतात, ‘आजी, बोगद्याची गोष्ट सांग’, आणि मी रंगवून सांगते – अंधार, धूर, बेशुद्ध पडलेली आजी, धावत आलेली माणसं. गोष्टीतली माणसं अगदी खरी आहेत. देवाने तशी माणसं मला दाखवली, हे माझं भाग्य. आजीचं तेवढं – पण थांबा. तिथवर यायला मला जरा वेळ लागेल.

ऐंशीच्या दशकातलं बदलापूर. कात्रपला आमचा नवा फ्लॅट, हे अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. मी पस्तिशीची, महिला मंडळाची चिटणीस, आणि स्वतःबद्दलचं मत असं की आरशालाही जरा जास्तच वाटावं. त्या वर्षी घाटातल्या एका लांब बोगद्यात बचावाची रंगीत तालीम ठरली. गाडी बोगद्यात अडकली, आत धूर झाला, तर माणसं बाहेर कशी काढायची? आमच्याकडचं स्वयंसेवकांचं मदत पथक त्यात होतं, आणि जखमी म्हणून पडायला माणसं हवी होती. मंडळातल्या आम्ही बायका लगेच तयार. फुकटात घाट बघायला मिळतोय, पुऱ्या बांधून घेऊ!

आमच्या गटाचे प्रमुख होते गोपूशेठ. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्यांचं पँटपीसचं दुकान. आठवडाभर गादीवर मांडी घालून कापडाची ठाणं उलगडायची, आणि सुट्टीच्या दिवशी खाकी चढवून माणसं वाचवायला शिकायचं. त्यांनी आम्हाला मैदानात बसवून सगळं समजावलं होतं. बोगद्यात वाट एकच आणि स्ट्रेचर थोडी, म्हणून प्रत्येक जखमीच्या गळ्यात रंगीत पट्टी. लाल म्हणजे गंभीर, त्याला सगळ्यांच्या आधी उचलायचं. पिवळी त्यानंतर. हिरवीवाल्यांनी भिंतीवरचा दोर धरून चालत यायचं. “रिश्तेदार असो, साहेब असो,” शेठ म्हणायचे, “पट्टी बोलेगी, हम सुनेंगे.”

मला लाल पट्टी मिळाली. मैदानात उचलायचा सराव झाला तेव्हा चार जण लागले. त्यातला एक मिशाळ म्हणाला, “ह्यांच्यासाठी वॅगन मागवा रे!” सगळे हसले. मंडळातल्याच कुसुमवहिनी – अंगावर पाव किलो मांस नाही बाईच्या – सगळ्यांत जास्त हसल्या. मीही हसले. पण आत काहीतरी आंबलं ते आंबलंच.

तालमीच्या दिवशी जुनी साडी नेसून यायला सांगितलं होतं. फोटोग्राफर येणार कळल्यावर मी मोरपंखी जॉर्जेट नेसले. गंभीर जखमी, पण मोरपंखी! पोटरीवर अळत्याचं रक्त लावून घेतलं, साडीला थेंब लागू दिला नाही. घाटातली ती एक लाईन त्या दुपारी बंद ठेवली होती. आत एक डबा उभा, डब्यात आणि रुळांकडेला आम्ही, आणि कसलासा धूर सोडलेला. मला डब्याच्या पलीकडे टोकाला निजवलं होतं.

तुम्ही बोगद्याच्या भिंतीतले कोनाडे पाहिलेत का? माणूस अंग चोरून उभा राहील एवढे. आत काम करणाऱ्यांनी गाडी आली की त्यात शिरायचं. माझ्या समोरच एक होता. मनात आलं – वॅगन मागवता काय? शोधा आता! उठले आणि कोनाड्यात जाऊन बसले. थोडं शोधू द्यायचं, मग “भो!” करून बाहेर यायचं. पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई.

बोगद्याच्या तोंडाशी मोजणी झाली आणि एक माणूस कमी भरलं. मग आवाज बदलले. तालमीतलं ओरडणं आणि खरं ओरडणं यात फरक असतो, तो मला तिथे कळला. तेव्हाच उठायला हवं होतं ना? पण बाहेर पथकाचे साहेब उभे, फोटोग्राफर उभा, कुसुमवहिनी उभ्या. काय सांगणार होते – रुसले होते? जेवढा उशीर होत गेला तेवढं उठणं अवघड होत गेलं.

बाकीचे डबा पुन्हा तपासत होते. गोपूशेठ एकटेच टॉर्च घेऊन माझ्या बाजूला आले. “भाभी, आवाज दो. डरो मत, मैं आया.” भिंतीलगत पाण्याची नाली होती. त्यांचा पाय तिच्यात गेला आणि ते पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. टॉर्च विझली.

माझ्यापासून दोन हातांवर होते ते. एकदाच कण्हले. आणि मग – ऐका – त्यांनी स्वतःसाठी हाक मारली नाही. म्हणाले, “भाभी, मी इथेच आहे. तुम्ही घाबरू नका. फक्त आवाज द्या.”

आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

हेच ते. हेच सांगायचं होतं. लपले ती थट्टा होती, म्हणा. पण माणूस माझ्यापायी पडला, अंधारात माझीच समजूत घालत राहिला, आणि मी श्वास दाबून बसले. का? फजिती होऊ नये म्हणून.

मग बाकीचे आले, एकच स्ट्रेचर घेऊन. मी कोनाड्यातच भिंतीला कलंडले, डोळे मिटले. तोंडावर उजेड पडला. कोणीतरी म्हणालं, शेठचा पाय खरंच मोडलाय, आधी त्यांना घ्या. शेठ म्हणाले, “भाभीच्या गळ्यात लाल आहे ना? मग भाभी पहले. मी तर बोलतोय, ती बोलत नाही.”

मला उचललं. तो मिशाळही होता, धापा टाकत, “ताई, आलंच हं, आलंच” म्हणत. त्याने आपला सदरा काढून माझ्या अंगावर घातला. मागे अंधारात एक खरा मोडलेला पाय पडून राहिला, आणि अळत्याने रंगवलेला पाय आधी उजेडात आला.

मला घेरी आली असेल, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं. मी फक्त मान हलवली. मंडळाच्या हळदीकुंकवाला माझी नारळाने ओटी भरली, “बाई मरणाच्या दारातून आली!” तिकडे शेठना साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं – प्रमुख असून आत एकटा जातो? पथकातून नाव काढलं. ते म्हणाले, “गलती मेरी.” पुढे म्हणे नियम झाला की आधी सगळे कोनाडे बघायचे. बरीच वर्षं मी तेवढ्यावर झोप काढली. पण ती अक्कल त्यांची, माझी नव्हे.

शेठचा गुडघा पुन्हा वाकला नाही. गादीवर मांडी घालता येईना, तेव्हापासून शेठ स्टुलावर पाय लांब करून बसायचे. नव्वदच्या पुढे मुलांच्या कपड्यांसाठी मी कॅम्प तीनला जायची – म्हणजे कपडे कुठेही मिळत होते. मला पाहिलं की ते गिऱ्हाइकांना सांगायचे, “ह्या भाभीला आम्ही बोगद्यातून जिंदा काढली!” एवढा आनंद मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडावरही पाहिला नाही. कोणी आपल्या जगण्याने इतकं खूश व्हावं! आजारपणात, ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी, एकटी बाकावर बसले असताना तो आवाज मला धीर देत आला – मैं आया. माझा त्याच्यावर काही हक्क नव्हता. तरी तो मला मिळाला, आणि मी रोज त्या माणसाला हात जोडते.

शेवटच्या भेटीत त्यांनी मध्येच विचारलं, “भाभी, आत एकटं डर लागला असेल ना?”

“फार,” मी म्हणाले.

“पण आम्ही आलो ना?”

“आलात, शेठ.”

ते इतके खूश झाले की चहा सांगायला स्वतःच उठले. ताठ पाय ओढत, ठाण्यांच्या फळीचा आधार घेत दारापर्यंत गेले. मी बसून राहिले. चहा आला, तो प्यायले, आणि घरी आले.