लेकीच्या कॉलेजचं नाव बदललं

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. लेकीच्या आंतरराष्ट्रीय लिबरल आर्ट्स कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि नावही बदललं.

"आई, पदवीवर नवंच नाव येणार. हे कुठलं कॉलेज, असं नोकरीवाले विचारतील." फोनवर ती रडवेली झाली.

फोन स्पीकरवर होता. टोमॅटो निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "लई मनावर घेऊ नको, बाय. तुझ्या आईचं नाव लग्नात बदललंच की आमी. तांदळात लिवलं, झालं!"

"आईला विचारलं होतं का, आजी?"

सासूबाईंनी टोमॅटोची टोपली पुढं ओढली.

मी कपाटातलं माझं दहावीचं सर्टिफिकेट काढलं. त्यावरच्या सुनंदाला आता माहेरीही कुणी हाक मारत नाही.

लेकीला "होईल सवय" म्हणायला गेले, पण जीभ रेटेना. बायांनो, तुम्हाला झाली का हो सवय?