तत्त्वज्ञानाच्या वर्गात एकटी

परवा वडशात राइस मिलसमोरून जाताना ओल्या कोंड्याचा वास आला आणि मला नव्वदच्या दशकातली ती दुपार आठवली.

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेणारी त्या वर्षी मी एकटीच होते. वर्ग याच मिलच्या मागे होता, त्यामुळे रिकाम्या बाकांवर कोंड्याची धूळ बसलेली असायची. सर मात्र भरल्या वर्गाला शिकवावं तसे उभं राहून शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘जे आहे, ते नाहीसं होऊ शकतं का?’ मी नुसती बघत बसले.

“काऊन लिहून नाई राह्यली?” सरांनी विचारलं. “हा विषय तरी काऊन घेतला तू?”

“अम्मी वारली, सर. ती कुठी गेली, ते समजून घ्याचं होतं.”

मोहल्ल्यात सगळ्यांकडे याचं उत्तर तयार होतं. अल्लाहची मर्जी, असं म्हणायचे, आणि अब्बू खाली मान घालून शिलाई मशीन चालवत राहायचे. सरांकडे याहून मोठं उत्तर असेल, अशी माझी आशा होती.

त्यांनी खडू ठेवला आणि पहिल्यांदाच ते माझ्या पुढच्या बाकावर येऊन बसले.

“मी बी त्याच्याचसाठी घेतला होता,” ते हळूच म्हणाले. “मले अजून नाई समजलं.”

तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. घरी जाताना रडू आलं. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि त्या अख्ख्या वर्षात माझ्याशी इतकं खरं दुसरं कोणी बोललं नव्हतं, असं वाटतं. त्यांचं कोण गेलं होतं, ते मात्र मला कधीच कळलं नाही.