विरत गेलेली वरात

माझ्याकडे डिस्कोची एक एलपी आहे. विलायतेतल्या जुन्या बिग बँडची सगळी पितळी फौज तिच्यात डिस्कोच्या ठेक्यावर तुटून पडली आहे. ती लावली की माझं अख्खं शरीर विशीत जातं. पोट तेवढं मागून येतं.

भाच्याचं लग्न ठरताच मी जाहीर केलं, डीजे नको, आपल्या सोलापूरच्या बँडकडून हाच डिस्को वाजवून घेऊ. भाचा बिचारा मामाला नाही म्हणेना. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, एवढंच म्हणाली, "वाजव काय ते. पण मुलीकडचे वेळेचे पक्के आहेत. मुहूर्त चुकला तर या घराची पायरी चढू नकोस."

बँडमास्तरांना मी गाणं मोबाइलवर पाठवलं. ते कानानंच सूर उचलतात. "जसंच्या तसं वाजलं पाहिजे," मी बजावलं.

"शेवटबी तसाच?"

"शेवट तर हवाच!"

"मग जागा लई लागंल, साहेब."

मला वाटलं, माझ्या नाचाला. मी विनयानं मान लववली.

मारुतीच्या देवळातून निघालेली वरात कार्यालयाच्या दारात अगदी वेळेवर पोचली. मुलीची आई ओवाळायला तबक घेऊन उभी. मी म्हटलं, शेवटची एकच फेरी! एक हात आभाळाकडे, दुसरा कमरेवर, डोळे मिटलेले. सूर हळूहळू विरत गेले, थेट एलपीसारखे. अंगावर काटा आला. काय तयारीचे वादक!

डोळे उघडले तर बँड रस्त्याच्या टोकाला. घोडीला बँडच्या मागे चालायची सवय, ती नवरदेवाला घेऊन तिकडेच गेलेली. वऱ्हाड घोडीच्या मागे. दारात मी एकटा, हात अजून आभाळाकडे.

"नवरदेव कुठायत?" मुलीच्या आईनं विचारलं.

"पळ!" ताई ओरडली.

शेरवानीचं एक बटण तिथेच सोडून मी पळालो. "मास्तर! कुठं निघालात?"

"रेकॉर्डात शेवटी बाजा लांब लांब जातो की. आमी तसंच केलं. गल्लीत जमंना म्हणून सरावाला गावाभाईर वळसंगच्या रस्त्यावर गेलतो."

आता घोडी वळेना. घोडीवाला म्हणाला, "बाजा म्होरं झाल्याबिगर ती हलत न्हाय."

"मामा, भटजी थांबणार नाहीत हो!" भाचा वरून रडकुंडीला आला.

"वाजवा पहिल्यापासून!" मी ओरडलो. "आणि पळत!"

त्या दिवशी मला कळलं, डिस्को पळायलाच केलेला असतो. ट्रम्पेटवाले पळाले, ढोलवाला पळाला, घोडी दुडक्या चालीनं आली. मुलीच्या आईनं चालत्या घोडीलाच ओवाळलं. भाचा अंतरपाटासमोर उभा राहिला तेव्हा मुंडावळ्या एका कानावर आल्या होत्या, पण अक्षता मुहूर्तावर पडल्या. माझ्या हातातल्या निम्म्या अक्षता तेवढ्या धापेबरोबर समोरच्याच्या टकलावर गेल्या.

मुलीचे वडील घड्याळ बघत आले. "वेळेसाठी पळत आलेली वरात पहिल्यांदा पाहिली. आमच्या धाकटीच्या लग्नालाही हेच सगळं पाहिजे बघा."

मी शेरवानी सावरून पुढे सरसावणार, तोच ताई म्हणाली, "बँड खुशाल न्या. याला मात्र आम्ही घरातच ठेवणार."