हिरव्या रंगाचा आकडा

पन्नासच्या दशकात मी आर्वीला एका डॉक्टरांच्या खाजगी प्रयोगशाळेत नोकरीला होतो. नागपूरला रक्त तपासण्याचं शिक्षण घेतलं होतं, तेवढ्यावर काम मिळालं. डॉक्टरांच्या डोक्यात एक कल्पना होती. ए रक्तगटाच्या माणसाच्या रक्तात कोलेस्टेरॉल, म्हणजे एक प्रकारची चरबी, इतरांपेक्षा जास्त असावी, असं त्यांना वाटे. आजारी माणसांवरून ते ठरवता येणार नव्हतं, म्हणून त्यांनी धडधाकट माणसं गोळा केली. शाळामास्तर, तहसिलीतले कारकून, पोस्टातली माणसं. सकाळी उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं आणि चहा पिऊन कामावर जायचं.

रक्तगट डॉक्टर स्वतः काढत आणि नळीवर चिठ्ठी चिकटवत. कोलेस्टेरॉल माझ्याकडे. रसायनं घातली की नळीत हिरवा रंग चढे. यंत्राच्या भिंगातून पाहिलं की एक वर्तुळ दिसे. अर्ध्यात नमुन्याचा हिरवा, अर्ध्यात ठरलेला हिरवा. चकती फिरवून दोन्ही भाग सारखे करायचे आणि आकडा वाचायचा. सारखे झाले की नाही, हे डोळ्यानंच ठरवायचं.

सहा-सात महिन्यांत ए गटाचे आकडे खरोखरच वर दिसू लागले. डॉक्टर खूश होते. एका वैद्यकीय मासिकासाठी त्यांनी लेख लिहायला घेतला.

एक दिवस एका कारकुनाच्या नळीवर ए ची चिठ्ठी होती. मी आकडा वाचला, तो चढाच होता. दुपारी डॉक्टर म्हणाले की घाईत चिठ्ठी चुकली, हा गडी ओ गटाचा आहे. थोडा नमुना उरला होता, म्हणून मी पुन्हा पाहिलं. आकडा खाली आला. रक्त तेच, रसायनं तीच.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती मॅट्रिक झालेली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"तुम्ही रंग पाहून राह्यले का चिठ्ठी?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेरगावी गेले होते. मी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. नमुना उरला होता त्या नळ्यांच्या चिठ्ठ्यांवर तिनं कागद गुंडाळले आणि त्यावर आपल्या मनानं क्रमांक घातले. मी वाचत गेलो, ती लिहीत गेली. कागद काढले तेव्हा ए गट कुठेच वेगळा उठून दिसला नाही.

डॉक्टर परत आल्यावर मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि जसं घडलं तसं सांगितलं.

"कधीपासून असं होत असेल?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच, बहुतेक. मुद्दाम नाही केलं."

त्यांनी टेबलावरचे कागद एकत्र केले आणि म्हणाले, "मला काय हवंय, हे मीच तुम्हाला रोज सांगत होतो."

मला वाटलं होतं, नोकरी जाईल. गेली नाही. सगळी माणसं पुन्हा बोलावायचं ठरलं. निम्मी आली. बाकीच्यांनी एकदा रक्त दिलं तेवढं पुरे झालं, असा निरोप पाठवला. या वेळी चिठ्ठ्या झाकलेल्या होत्या. गटागटांत जो फरक निघाला, तो इतका थोडा होता की त्यावरून काहीच म्हणता येत नव्हतं. डॉक्टरांनी लेख नव्यानं लिहिला, त्यात हेच स्पष्ट नमूद केलं आणि पाठवला. तो छापून आला की नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे दुसरीकडच्या लोकांनी याच प्रश्नावर काम केल्याचं कानावर आलं. त्यांचं काय निघालं, यावर मी मत देत नाही.

काम संपल्यावर एक मास्तर आले. दोन्ही वेळा रक्त देणाऱ्यांपैकी ते होते. "माह्यं काय निघालं?" त्यांनी विचारलं. मी गट सांगितला, बी. त्यांनी खिशातली डायरी काढून तो लिहून घेतला. कोलेस्टेरॉलचा आकडा मी सांगणार होतो, पण तोवर ते पायरी उतरून शाळेच्या वाटेला लागले होते.