पोरायनं गाडी घेतली का?

ती तीन पोरं मला मोबाईलवर पहिल्यांदा दिसली, तेव्हा लंडनमधल्या एका चिंचोळ्या स्वयंपाकघरात धून वाजवत उभी होती. ओट्यावर वायरींचा गुंता, त्यातच चहाची किटली, एकाचा मोजा अंगठ्यापाशी फाटलेला. मी तेव्हा भोकरदनला कॉलेजात होते. हसनाबादच्या घरी मोबाईल हातात धरून मी एकटीच नाचत सुटले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोकावून विचारलं, "कोण हायेत ही?"

"लंडनचे डीजे आहेत."

"मंग गाडी कुठंय?"

आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, स्पीकर रचलेली गाडी. शेजारच्या लग्नात ती वाजली आणि आमची गाय खुंटा उपटून पळाली. तेव्हापासून आमच्या दारात डीजेला बंदी. पण बिनगाडीच्या ह्या पोरांची अण्णांना दया आली.

पुढे मला जालन्यात नोकरी लागली. रविवारी घरी गेले की माझ्या तब्येतीआधी त्यांची चौकशी. "पोरायनं गाडी घेतली का?" मी सांगायची, तळघरातल्या क्लबात वाजवलं, मग जत्रेसारख्या मेळ्यात, चिखलातल्या छोट्या स्टेजवर. एकदा व्हिडिओच दाखवला. डोकी मोजता येऊ नयेत एवढी गर्दी आणि समोर तेच तिघं. अण्णांनी आईला भाकरी सोडून बोलावलं. भाचा पास झाल्यासारखे खूश होते.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला एकच हौस होती. नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला निघेल, तेव्हा ह्या पोरांची धून वाजावी.

"डीजे न्हाई म्हंजे बिलकुल न्हाई," अण्णा म्हणाले.

मी चांगलीच रुसले. दोन रविवार घरी फिरकले नाही. इतकी वर्षं चौकशी करणाऱ्या माणसाने एवढंही ऐकू नये, ह्याचं फार वाईट वाटलं.

लग्नाच्या दिवशी मी आत मुंडावळ्या बांधून घेत होते. बाहेर गावातला जुना बँड सुरू झाला. क्लॅरिनेट, खाली हलगी, दोन-तीन सूर चुकलेले, पण धून तीच! मी खिडकीकडे धावले. अण्णा फेटा सावरत, क्लॅरिनेटवाल्याच्या कानाला स्वतःचा मोबाईल लावून त्याच्याबरोबर चालले होते. मला बघून ओरडले,

"डीजेला न्हाई म्हणलो होतो, पोरी! पोरायला कव्हा न्हाई म्हणलो?"